हळू हाताची मालीश: घरातल्या दुखऱ्या माणसासाठी

माझ्या सासूबाई रात्री अकराच्या सुमाराला पलंगावर उठून बसायच्या आणि स्वतःच्याच पोटऱ्या दाबत राहायच्या. कुणाची झोप मोडू नये म्हणून दिवासुद्धा लावायच्या नाहीत. एके रात्री मला जाग आली. मी शेजारी जाऊन बसले, त्यांची पोटरी हातात घेतली आणि अंगात होता तेवढा जोर लावून दाबायला सुरुवात केली. दोन मिनिटांत त्यांनी माझा हात बाजूला केला. “राहू दे गं, झोप तू.” दुसऱ्या दिवशी पोटरीवर माझ्या अंगठ्यांचे निळे डाग दिसले. त्या रक्त पातळ होण्याची गोळी घेतात हे मला माहीत होतं, पण मालीश करताना ते लक्षात ठेवायला हवं हे सुचलंच नव्हतं.

त्याच वर्षी नणंदेच्या बाळंतपणात घरी मालीश करायला एक मावशी यायच्या. त्यांना मी हे सांगितलं. त्यांनी मला समोर बसवलं, माझा हात आपल्या दंडावर ठेवायला लावला आणि म्हणाल्या, “आधी नुसता ठेव. लगेच चोळायला लागू नकोस. अंगाला कळू दे कोण आलंय ते.” पुढे सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी जिच्याकडे जात होतो त्या फिजिओथेरपिस्ट मुलीनेही वेगळ्या शब्दांत हेच सांगितलं. या दोघींकडून शिकलेलं आणि गेली सहा वर्षं जवळपास रोज रात्री केलेलं असं हे सगळं आहे. मालीश म्हणजे रगडणं, जितकं दुखेल तितका गुण, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. म्हाताऱ्या, थकलेल्या आणि दुखणाऱ्या शरीरावर ती चालत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

हळू हाताने आराम का पडतो

दुखऱ्या भागाभोवतीचे स्नायू आपोआप आवळले जातात. कंबरेत चमक भरली की माणूस एका बाजूला झुकून चालतो, ते या आवळण्यामुळेच. शरीर त्या जागेला जपत असतं. आपण तिथे जोरात दाबलं की शरीराला तो नवा धोका वाटतो आणि स्नायू आणखी आवळतात. उबदार, संथ हात बराच वेळ एका जागी राहिला की ही राखण हळूहळू सैल पडते.

दुसरं कारण मज्जातंतूंमध्ये आहे. कोपर टेबलाला आपटलं की आपण लगेच ते चोळतो आणि कळ थोडी कमी होते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये याचं स्पष्टीकरण मांडलं: मज्जारज्जूत जणू एक दार असतं आणि स्पर्शाचे संदेश तिथे पोचले की वेदनेच्या संदेशांना वाट अरुंद होते. त्या सिद्धांतात पुढे बरीच भर पडली, दुरुस्त्याही झाल्या, पण मूळ कल्पना टिकून आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात उपयोगी वाटते. केस असलेल्या त्वचेत, म्हणजे पाठ, दंड, हात, पाय इथे, अतिशय बारीक मज्जातंतू असतात आणि ते हळुवार कुरवाळण्याला सर्वात जास्त प्रतिसाद देतात. त्यांना आवडणारा वेग मोजलेला आहे: सेकंदाला साधारण 1 ते 10 सेंटीमीटर. मनगटापासून कोपरापर्यंतचं अंतर पंचवीस सेंटीमीटरच्या आसपास धरा. तेवढ्या अंतरावरून हात फिरवताना मनात सावकाश एक ते सात मोजायचं. करून बघा. आपला नेहमीचा हात याच्या तिप्पट-चौपट वेगाने फिरतो हे लगेच कळेल.

मालीशीने झिजलेला गुडघा भरून येत नाही. ‘गादी सरकली’ ती हाताने जागेवर बसत नाही. दुखणं हलकं होतं, झोप लागते, माणूस हालचाल करायला धजावतो, आणि त्या हालचालीतून शरीर आपलं काम करत जातं. कंबरदुखीवर मालीशीचा फायदा मुख्यतः थोड्या काळापुरता मिळतो. तेवढ्या वेळात चार पावलं चालून घेणं, सांगितलेला व्यायाम करणं, हाच तिचा खरा उपयोग.

हात लावण्याआधी विचारायचे प्रश्न

हा भाग कृपा करून वगळू नका. सासूबाईंच्या पोटरीवरचे ते डाग मला अजून आठवतात.

एकच पोटरी सुजली आहे, गरम लागते, लाल दिसते, दुखते? मग हात लावू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते आणि चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते. खूप दिवस अंथरुणाला खिळलेला माणूस, नुकतंच ऑपरेशन झालेला, लांबच्या प्रवासातून आलेला, बाळंतीण, या सगळ्यांच्या बाबतीत हे विशेष ध्यानात ठेवा.

कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागेला बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठायचं. छातीत दाटून येऊन डावा हात, खांदा किंवा जबडा दुखत असेल तेव्हाही तेच. असा खांदा चोळत बसण्यात फार मोलाचा वेळ जातो.

पडल्यानंतरचं दुखणं असेल तर आधी एक्स-रे. म्हाताऱ्या माणसांची हाडं ठिसूळ झालेली असतात आणि साध्या घसरण्यानेही मोडतात. ताप, अंगावर पुरळ, नागीण, उघडी जखम, खरूज-नायटा, सुजलेला लालबुंद सांधा, ठसठसणाऱ्या फुगलेल्या शिरा, या जागा सोडून द्यायच्या. कॅन्सरचे उपचार चालू असतील किंवा घरात गरोदर बाई असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि तेही अगदी हलक्या हाताने. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर अंगठ्याने दाबणं पूर्ण बंद, फक्त तळहात वापरायचा.

मधुमेह असेल तर पायांची वेगळी काळजी. पाय बधिर झालेल्या माणसाला तेल किती गरम आहे हे कळत नाही, टाचणी टोचलेलीही कळत नाही. मालीशीआधी उजेडात तळपाय बघायचा, बोटांच्या बेचक्यांत डोकवायचं. कुठे चीर, फोड, काळसर डाग दिसला की त्या दिवशी मालीश नाही.

आणि शेवटचा प्रश्न त्या माणसालाच: “हात लावू का? कुठे नको?” घरचं माणूस असलं तरी विचारायचं. आमच्या सासूबाईंना पोटावर हात लावलेला आवडत नाही. मी सहा वर्षांत तिथे हात लावलेला नाही.

तयारी

फार काही लागत नाही. जुना पंचा किंवा सुती साडीचा तुकडा, दोन-तीन उशा, एक चादर, वाटीभर तेल.

कोणतं तेल, यावर घरोघरी वाद होतात. मला तिळाचं तेल आवडतं. कोकणात आणि गोव्यात खोबरेल वापरतात आणि तेही उत्तम. थंडीत मात्र 24-25 अंशांच्या खाली ते थिजतं म्हणून कोमट करून घ्यावं लागतं. नारायण तेलासारखी औषधी तेलं वापरायची असतील तर आधी हाताच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबा. खाज सुटली, लाली आली तर ते तेल नको. महाग तेलाने जास्त आराम पडतो असा माझा तरी अनुभव नाही. तेलाचं काम हात न अडकता फिरू देणं.

तेल गॅसवर तापवू नका. गरम पाण्याच्या भांड्यात तेलाची वाटी पाच मिनिटं ठेवा आणि आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. बाळाच्या दुधाची परीक्षा करतो तशीच. तेल आधी आपल्या हातावर घ्यायचं, मग त्यांच्या अंगावर.

नखं कापलेली, अंगठ्या-बांगड्या काढलेल्या, हात गरम. हात थंड असतील तर गरम पाण्यात बुडवून पुसा. पंखा बंद किंवा अगदी हळू. टीव्ही बंद. जेवण होऊन निदान दोन तास झालेले असावेत. वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात, रोज अभ्यंग करायला सांगितलं आहे आणि त्यातही डोकं, कान आणि पाय यांवर भर दिला आहे. पण त्याच ठिकाणी अजीर्ण झालेल्याला अभ्यंग वर्ज्य म्हटलं आहे. दिवाळीच्या पहाटे सगळ्यांनाच तेल लावून उटण्याने न्हाऊ घालण्याच्या गडबडीत ही दुसरी ओळ आपण विसरतो.

सुरुवात करण्यापूर्वी विचारा, दुखणं शून्य ते दहांत किती? तो आकडा लक्षात ठेवा. मालीश चालू असताना आपल्या दाबामुळे होणारं दुखणं तीनच्या वर जाता कामा नये. “चांगलं दुखतंय, दाब अजून” असं कुणी म्हणालं तरी जोर वाढवायचा नाही.

पहिली पायरी: हात ठेवणं

माणूस आरामात झोपला किंवा बसला की कपड्यांवरूनच दुखऱ्या जागेपासून थोडं दूर एक हात ठेवायचा. कंबर दुखत असेल तर एक हात दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये आणि दुसरा माकडहाडाच्या थोडा वर. दाबायचं नाही, फक्त हाताचं वजन सोडायचं. स्वतःचे खांदे खाली सोडा. तुमचा हात ताठ असेल तर समोरच्याला तो ताठपणा कळतो.

असंच दोन ते तीन मिनिटं राहायचं. पहिल्यांदा करणाऱ्याला हा वेळ फार मोठा वाटतो, आपण काहीच करत नाही असं वाटतं. पण हाताखाली लक्ष द्या. श्वासाने पाठ वर-खाली होते. आधी तो श्वास छातीत वरच्या वर असतो, मग केव्हातरी एक मोठा सुस्कारा येतो आणि पाठ हाताखाली थोडी पसरल्यासारखी होते. कधी पोटात गुरगुर ऐकू येते. हा सुस्कारा आला की पुढे जायचं. मावशी याला ‘अंग सोडलं’ म्हणायच्या. तो नाही आला तरी हरकत नाही, तीन मिनिटांनी पुढे जा.

यापुढचं सगळं काम त्यांच्या श्वासावर चालतं. श्वास बाहेर सोडताना हात थोडा आत जाऊ द्यायचा, श्वास घेताना हात हलका करायचा. हे एवढं जमलं तर बाकीच्या कृती थोड्याफार चुकल्या तरी चालेल.

पाय

नवशिक्याने पायांपासूनच सुरुवात करावी. पाठीवर चूक झाली तर त्रास होतो, पायावर चूक व्हायला वाव कमी. शिवाय पाय चेपून घेण्यात कुणाला संकोच वाटत नाही.

माणसाला उताणं झोपवा, दोन्ही गुडघ्यांखाली एक उशी द्या म्हणजे कंबरेवर ताण येत नाही. तुम्ही पायथ्याशी स्टुलावर बसा. जमिनीवर वाकून केलंत तर चौथ्या दिवशी तुमचीच कंबर धरेल.

एक. दोन्ही हातांनी एक पाऊल धरा, एक तळवा वर, एक खाली, जसं आपण एखादं पाखरू धरू तसं. अर्धा मिनिट नुसतं धरा.

दोन. थोडं तेल घेऊन घोट्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत दोन्ही तळहातांनी लांब, संथ हात फिरवा. वर जाताना किंचित दाब, खाली येताना फक्त स्पर्श. मनात सात मोजत. असं आठ-दहा वेळा. नडगीच्या हाडावर दाब नको, बाजूच्या मांसावर द्या.

तीन. पोटरी खालून ओंजळीत घ्या. तिचं वजन हातात येऊ द्या आणि डावी-उजवीकडे अगदी थोडी हलवा, पाण्यात हलते तशी. रात्री पायात गोळे येणाऱ्यांना याने फार बरं वाटतं. गोळा आलेलाच असेल तर चोळण्याआधी पाऊल हळूच नडगीच्या दिशेने वर करा म्हणजे पोटरी ताणली जाईल. तसंच अर्धा-एक मिनिट धरून ठेवा.

चार. घोट्याभोवती बोटांनी गोल हात फिरवा. मग टाच एका हातात घेऊन दुसऱ्या हाताने चवडा धरून घोटा हळू फिरवा, दोन्ही दिशांना पाच-पाच वेळा. सांधा जिथे अडेल तिथे थांबायचं, पुढे ढकलायचं नाही.

पाच. तळवा. इथली त्वचा जाड, त्यामुळे फार हलका हात गुदगुल्या करतो. दोन्ही अंगठे टाचेपाशी ठेवून चवड्याकडे सरकवत न्या, मध्यम दाबाने. नंतर एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत. बोटं ओढायची नाहीत, कडकड आवाज काढायचा नाही.

काशाची वाटी

आपल्याकडे उन्हाळ्यात तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासायची जुनी रीत आहे. कासं म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू, साधारण 78 भाग तांबं आणि 22 भाग कथील. पितळेत तांब्याबरोबर जस्त असतं. बाजारात काशाच्या नावाखाली पितळेची वाटीही मिळते. ओळखायची सोपी खूण म्हणजे नाद: काशाची वाटी बोटांच्या टोकांवर तोलून चमच्याने हलकेच वाजवली की घंटेसारखा लांब घुमणारा आवाज येतो. पूजेची झांज काशाची असते ती यासाठीच.

पाव चमचा गायीचं तूप तळव्याला पसरा, वाटी पालथी हातात धरा आणि तिच्या गोल बुडाने तळव्यावर छोटी वर्तुळं काढत जा. टाच, मधला खळगा, चवडा, परत टाच. एका पायाला सात ते दहा मिनिटं. तूप सुकलं की पुन्हा थेंबभर. वाटीचं वजन पुरे, हाताने रेटायचं नाही.

पाच-सहा मिनिटांत तळवा काळपट-राखाडी होतो. ‘एवढी उष्णता निघाली बघ’ असं आपल्याकडे म्हणतात. खरं तर तांबं असलेला धातू तुपातली आम्लं आणि घाम यांच्याबरोबर घासला गेला की असा रंग येतो. तुपाऐवजी दुसरं तेल घेतलं तर कमी-जास्त होतो, घाम जास्त असेल तर वाढतो. पाय किती काळा झाला यावरून आजार मोजू नका, कुणी तुमच्याकडून त्याचे पैसे घेत असेल तर तेही देऊ नका. आराम मात्र खरा असतो. गार, गुळगुळीत, जड वाटी तळव्यावरून एका लयीत फिरत राहिली की डोळे जड होतात. सासूबाई बहुतेक दिवशी दुसरा पाय पूर्ण होण्याआधीच झोपतात.

हल्ली विजेवर फिरणाऱ्या काशाच्या थाळीची यंत्रं जागोजागी दिसतात. धडधाकट माणसाला त्याने काही होत नाही. बधिर पायाच्या माणसाला मी तिथे बसवणार नाही, कारण कातडी सोलवटली तरी त्याला कळत नाही आणि यंत्र आपणहून थांबत नाही. त्यांना वाटीसुद्धा नको, तळहातच बरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मालीश झाली की तळपाय कोरड्या पंचाने नीट पुसा, बोटांच्या बेचक्या पुसा, तिथे ओल आणि तूप राहिलं तर बुरशी धरते. मग सुती मोजे घाला, तळाला रबरी ठिपके असलेले मिळाले तर उत्तम. रात्री लघवीला उठलेली म्हातारी माणसं तेलकट पायाने फरशीवर घसरतात आणि खुबा मोडतो. पाय पुसल्याशिवाय पलंग सोडू द्यायचा नाही, हा आमच्या घरातला नियम आहे.

गुडघा

गुडघ्यावर लोक फार मेहनत घेतात आणि ती बहुतेक चुकीच्या जागी. गुडघ्याच्या वाटीवर दाबून काही मिळत नाही. गुडघ्यामागच्या लवणीत मोठ्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात, तिथे कधीच दाबू नये. हात घालायचा तो मांडीवर: गुडघ्याच्या वर चार बोटांपासून मांडीच्या मध्यापर्यंत, तळहाताने, संथ. मांडीचा पुढचा स्नायू सैल झाला की गुडघ्यावरचा ताण उतरतो.

मालीश झाल्या झाल्या, अंग गरम असतानाच, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघ्याने ती खाली दाबायला सांगा. पाच मोजेपर्यंत दाबायचं, सोडायचं, असं दहा वेळा. सासूबाईंना जिना चढायला जो फरक पडला तो माझ्या हातापेक्षा या दहा वेळांमुळे जास्त, असं मला वाटतं.

पाठ आणि कंबर

वयस्कर माणसाला पालथं झोपवू नका. मान वळते, श्वास कोंडतो. टेबलावर दोन उशा ठेवा, पाठ नसलेल्या स्टुलावर त्यांना टेबलाकडे तोंड करून बसवा आणि कपाळ उशीवर टेकवून हात भोवती सोडायला सांगा. स्टूल भक्कम हवं, डुगडुगणारं नको. बसणं जमत नसेल तर कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी देऊन.

कण्याच्या हाडावर कधीही दाब द्यायचा नाही. कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतर सोडून स्नायूंच्या दोन उभ्या दोऱ्या हाताला लागतात. काम तिथे. पहिले तीन-चार फेरे कंबरेपासून खांद्यापर्यंत पूर्ण तळहाताने, मग खांद्यावरून बाजूने खाली. सात मोजायला विसरू नका, पाठीला लांबी जास्त म्हणून दहा मोजलेत तरी चालेल.

मग एका बाजूच्या दोरीवर तळहाताचा मनगटाकडचा भाग ठेवा आणि त्यांचा श्वास बाहेर जाताना स्वतःच्या शरीराचं थोडंसं वजन पुढे झुकवा. हाताने ढकलू नका. पाच श्वास तिथेच. मग हाताच्या रुंदीएवढं वर सरका, पुन्हा पाच श्वास. कंबरेपासून पात्यापर्यंत चार-पाच ठिकाणं होतात, मग दुसरी बाजू. एखादी जागा गाठीसारखी लागली तर तिथे जास्त जोर लावायचा मोह होतो. तिथे जास्त वेळ थांबा, जोर तेवढाच ठेवा. बरगड्यांच्या खालच्या भागावर, मूत्रपिंडाच्या जागी, बुक्क्या मारणं नको. पाठीवर पाय देऊन उभं राहणं, लहान मुलाला चालवणं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. पन्नाशीनंतरच्या पाठीवर तरी कृपया करू नका.

ताजी उसण भरली असेल, वाकताना कळ येऊन माणूस जागच्या जागी अडकला असेल, तर पहिल्या दिवशी मालीशच नको. जमिनीवर उताणं झोपवून दोन्ही पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, म्हणजे गुडघे आणि खुबे काटकोनात येतील. पोटावर स्वतःचे हात. दहा मिनिटं. गरम पाण्याची पिशवी कंबरेखाली घेतली तरी चालते, पण मध्ये टॉवेलचे दोन पदर हवेत. नंतर कुशीवर वळून, हाताचा टेकू घेऊन उठायचं. उसण भरलेल्याने दिवसभर पडून राहण्यापेक्षा झेपेल तेवढं घरातल्या घरात चालत राहणं चांगलं.

मान

मानेवर सगळ्यात कमी करायचं. मानेच्या पुढच्या आणि बाजूच्या भागात मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात, तिथे दाब नाही. मान कटकन वळवून आवाज काढणं घरी नाही आणि केस कापायच्या दुकानातही नाही. कटिंग झाल्यावर डोकं धरून झटका द्यायची पद्धत अजून आहे. नको म्हणून सांगायला लाजू नका.

त्यांना उताणं झोपवून तुम्ही डोक्याशी बसा. दोन्ही तळहात डोक्याखाली घाला आणि डोक्याचं पूर्ण वजन हातात येऊ द्या. बहुतेक माणसं डोकं सोडत नाहीत, स्वतःच उचलून धरतात. हसून सांगा, “मी धरलंय, सोडा.” कवटी जिथे संपते आणि मान सुरू होते तिथे एक आडवी कड लागते. तिच्या खाली चारही बोटांची टोकं वर करून ठेवा आणि डोकं त्यांच्यावर आपल्या वजनाने टेकू द्या. तीन मिनिटं, न हलता. ताणामुळे कपाळ, कानशिलं जड झालेल्यांना यातून उतार पडतो. मग खांदा आणि मान यांच्यामधला मांसल भाग तळहात आणि बोटांत हलकेच धरून सोडा, दहा-बारा वेळा. शेवटी कानाच्या पाळ्या आणि टाळू. चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, हाताला मुंग्या, यांतलं काहीही वाटलं की तिथेच थांबायचं.

कुणी चेपून द्यायला नसेल तर

एकटी राहणारी माणसं हे वाचत असतील, त्यांच्यासाठी. टेनिसचा चेंडू एका लांब मोज्यात घाला, मोज्याचं टोक खांद्यावरून पुढे धरा, चेंडू पाठ आणि भिंत यांच्यामध्ये ठेवून हलके टेका. कण्याच्या बाजूला, कण्यावर नाही. दुखरी जागा सापडली की पाच श्वास थांबा, गुडघे वाकवून चेंडू थोडा सरकवा. भिंतीमुळे दाब आपल्या ताब्यात राहतो. जमिनीवर झोपून करू नका.

सकाळी पहिली पावलं टाकताना टाच दुखत असेल तर पलंगावरून उतरण्याआधीच तळव्याखालून पंचा घालून तो दोन्ही हातांनी ओढा, अर्धा मिनिट, तीन वेळा. संध्याकाळी पाण्याची बाटली गोठवून, मोजा घालून, तळव्याखाली पाच मिनिटं फिरवा. मधुमेहींनी बर्फ टाळावा.

पोळ्या लाटून, मोबाइल धरून अंगठ्याचं मूळ दुखतं, तिथे दुसऱ्या हाताचा अंगठा ठेवून श्वास सोडत हलका दाब द्यावा. आणि झोपताना एक हात छातीवर, एक पोटावर. श्वास चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा, पाच मिनिटं. पंचवीस वर्षं एकट्या राहणाऱ्या माझ्या मावशीला मी हे फोनवर शिकवलं. तिला आता आकडे मोजावे लागत नाहीत.

किती वेळ, किती दिवस

एका वेळी एकच भाग, वीस मिनिटं पुष्कळ झाली. सगळं अंग एका बैठकीत करायला गेलात तर दोघंही दमाल आणि तिसऱ्या दिवशी बंद पडेल. पायांना रोज चालतं, पाठीला एक दिवसाआड. झाल्यावर चादर पांघरून दहा मिनिटं पडून राहू द्या आणि लगेच उठवू नका, रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांना उठताना घेरी येते. आधी कडेला बसायचं, मग उभं राहायचं.

कॅलेंडरच्या चौकटीत रोज दोन आकडे लिहा, मालीशीआधीचा आणि नंतरचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर हात जड पडला असं समजून एक दिवस सोडा आणि पुढच्या वेळी दाब निम्मा करा. दोन आठवड्यांत आधीचा आकडा अजिबात खाली आला नाही, दुखण्याने रात्री जाग येत राहिली, वजन कमी होत गेलं किंवा ताप येऊ लागला, तर ते कॅलेंडर घेऊनच डॉक्टरांकडे जा. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर काही चौकटी रिकाम्या आहेत. त्या दिवशी सासूबाई “आज नको” म्हणाल्या होत्या.